मतमोजणीच्या रात्री टीव्हीवर आपल्या गल्लीचं नाव घेतलं गेलं, त्याबद्दल

मागावरचा
१८ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

मंडळी, दोन दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितोच.

सोलापूरच्या पूर्व भागात माझा टॉवेलचा छोटा कारखाना आहे, आठ माग. वडिलांपासूनचा. कामाला माणसं थोडी आणि बहुतेक जुनी. कांडी भरायला, म्हणजे मागासाठी सूत नळीवर गुंडाळायला, दोघी आहेत, एक अक्का, एक चाची. अकरा वर्षं दोघी एका बाकड्यावर बसतात. अक्काच्या डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, चाचीच्या डब्यात जे असेल ते, आणि दुपारी दोन्ही डबे मधोमध. मी कधी वेगळं पाहिलं नाही.

शुक्रवारी, १६ तारखेला, महापालिकेची मोजणी झाली. जवळजवळ नऊ वर्षांनी निवडणूक. फेब्रुवारी २०१७ नंतर थेट आता, आणि मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार. लोकांना मत द्यायची भूक होती हो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी, त्यात मतदान, तरी रांगेत म्हाताऱ्या बायका काठी टेकत उभ्या होत्या.

त्या रात्री एका वाहिनीवर चर्चा झाली. नाव घेत नाही, ज्यांनी पाहिली त्यांना माहीत आहे. बोलणारा सोलापूरचा नव्हता. पडद्यावर शहराचा नकाशा, त्यावर प्रभागांचे रंग, आणि हा माणूस बोट ठेवून वस्त्यांची नावं घेत होता. एका वस्तीबद्दल म्हणाला की हे लोक शहराच्या विरोधात एकगठ्ठा जातात, यांच्यापासून सावध राहायला हवं. दुसऱ्या वस्तीबद्दल, म्हणजे आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू लोकांबद्दल, शेजारचा पाहुणा म्हणाला की ही बाहेरून आलेली माणसं, यांचं मत पैशाला मिळतं. निवेदकानं दोघांनाही थांबवलं नाही. जाहिरात लागली.

सकाळपर्यंत त्याची चाळीस सेकंदांची क्लिप प्रत्येक ग्रुपवर होती.

शनिवारी मी हप्ता वाटतो. सकाळी गेलो तर चाची दाराजवळ बसलेली, कांडीचं यंत्र तिकडे ओढून घेतलेलं. म्हणाली, इथं उजेड बरा आहे. अक्का आपल्या बाकड्यावर एकटी, मान खाली. दुपारी दोन डबे दोन ठिकाणी उघडले. अख्ख्या दिवसात दोघींचा एक शब्द नाही. मागांचा खडखडाट इतका असतो की आमच्याकडे बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, पण त्या दिवशी मला ती शांतता ऐकू येत होती.

संध्याकाळी पैसे घेताना चाचीनं बोट पुढं केलं, शाई अजून काळी होती. म्हणाली, "मालक, चार बटणं दाबले मी. चौघं चार चिन्हाचे. कुणाचे ते तुम्हाला बी नाही सांगणार. तो टीव्हीवरचा म्हणतो आमच्या गल्लीनं एकच बटण दाबलं. तो आला होता का आत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अक्का मागं उभी होती, तिनं ऐकलं. तिचे डोळे भरले होते, पण तीही काही बोलली नाही. तिला काय लागलं असेल ते मला कळत होतं. ज्या बाईनं तीस वर्षं कांडी भरून दोन मुली शिकवल्या, तिच्या मताची किंमत कुणीतरी स्टुडिओत बसून ठरवली.

मला विचारायचं आहे की याचं करायचं काय. मी राजकारणातला माणूस नाही. कोण जिंकलं, कोण हरलं यावर इथं कृपया कुणी लिहू नका. पण हे असंच सोडून द्यायचं माझ्या मनाला पटत नाही.

---

सातरस्ता
१८ जानेवारी, रात्री १०:०५

दादा, वाचून वाईट वाटलं. पण मला वाटतं, दुर्लक्ष करावं. टीव्हीच्या चर्चा आता बघतं कोण? तुम्ही तक्रार केली की त्यांचं नाव आणखी होणार. आठ दिवसांत लोक विसरतील, पाणी किती दिवसांआड येतं हाच विषय परत सुरू होईल.

---

मागावरचा
१८ जानेवारी, रात्री १०:२०

टीव्हीवर कुणी बघत नाही हे खरं असेल. मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मुलाच्या क्लासच्या ग्रुपवर आली, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आली, आणि खाली हसण्याचे चेहरे. ते चेहरे टाकणारे माझे शेजारी आहेत. आठ दिवसांनी ते विसरतील, पण चाची विसरणार नाही. म्हणून लिहिलं.

---

मोजणीप्रतिनिधी
१८ जानेवारी, रात्री ११:१०

चाचींनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मी तीन निवडणुकांत मोजणीच्या टेबलावर प्रतिनिधी म्हणून बसलो आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो. लांब होईल, पण वाचा.

सोलापूर महापालिकेत २६ प्रभाग, १०२ जागा. २४ प्रभागांत चार-चार आणि दोन प्रभागांत तीन-तीन नगरसेवक. मतदार आत गेला की अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार वेगळी मतं देतो. महिलांची जागा, आरक्षित जागा, सर्वसाधारण, असं. लोक खरोखर फोडून मतं देतात. 'अ'ला शेजारची ओळखीची ताई, 'ब'ला ज्यानं गटार दुरुस्त करून दिली तो, 'क'ला पक्ष बघून, आणि 'ड'ला कुणीच नको म्हणून 'वरीलपैकी कोणीही नाही'. मी टेबलावर बसून पाहिलंय, एकाच केंद्रावर एकाच पक्षाच्या चार उमेदवारांच्या मतांत शेकड्यांनी फरक पडतो. पॅनेल चाललं असं आपण म्हणतो तेव्हासुद्धा चौघांचा आकडा सारखा कधीच येत नाही. त्यामुळे "अमुक वस्तीनं तमुक पक्षाला मत दिलं" हे वाक्य चार सदस्यांच्या प्रभागात मुळातच लंगडं आहे. कुठल्या जागेचं म्हणताय? कुठल्या उमेदवाराचं?

आता दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त टोचते. यंत्र उघडलं की त्या केंद्राचे आकडे दिसतात. प्रत्येक पक्षाचा प्रतिनिधी पेन्सिलीनं टिपून घेतो, मीही घेतलेत. मतदारयादी घरांच्या क्रमानं असते, म्हणजे एक केंद्र म्हणजे चार-पाच गल्ल्या. त्या गल्ल्यांनी काय केलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. कागदी मतपत्रिकांच्या काळात यावर उपाय होता. लोकसभा-विधानसभेसाठीच्या १९६१ च्या नियमांत ५९अ नावाचा नियम आहे. मतदारांना धाकदपटशा होईल अशी भीती असेल तिथं वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायच्या. यंत्रं आल्यावर ते गेलं. निवडणूक आयोगानं २००८ मध्ये टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं होतं. त्यानं १४ केंद्रांपर्यंतची बेरीज एकदम मिळते, एकेका केंद्राचा आकडा दिसत नाही. विधी आयोगानं मार्च २०१५ च्या २५५ व्या अहवालात तशी शिफारसही केली. केंद्र सरकारनं मान्य केलं नाही.

म्हणून आज एखादा भाष्यकार नकाशावर बोट ठेवू शकतो. चाचीचं एकटीचं मत गुप्त राहिलं, तिच्या गल्लीचं राहिलं नाही.

निवडून आलेला माणूसही तोच कागद खिशात घेऊन फिरतो हेही लक्षात ठेवा. कुठल्या गल्लीत टँकर आधी जाणार, कुठल्या गल्लीतला दिवा चार महिने बंद राहणार, हे त्या पेन्सिलीच्या आकड्यांवर ठरताना मी पाहिलंय. टीव्हीवर वस्तीचं नाव घेऊन तिला शत्रू ठरवणारा माणूस त्या कामाला वर शाबासकी देतो.

---

स्पष्ट_बोलतो
१९ जानेवारी, सकाळी ७:३०

सगळे एका सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. राग मानू नका.

धर्मावर, जातीवर मतं मागितली जातात हे खोटं आहे का? प्रचारात समाजाच्या बैठका होतात, "आपला माणूस" म्हणून फतवे आणि शपथा दोन्ही होतात, सगळ्या बाजूंनी होतात. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी अभिराम सिंह खटल्यात, चार विरुद्ध तीन मतांनी, सांगितलं की उमेदवारानं मतदाराच्या धर्म-जात-भाषेच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. म्हणजे रोग आहे हे न्यायालयानंही मानलं. मग विश्लेषकानं तो बोलून दाखवला तर त्याच्यावर का चिडायचं? उद्या मतदानाचा अभ्यासच करायचा नाही का?

माझ्या भागाला दुसऱ्या एका वाहिनीवर कट्टर म्हणाले. मीही ते सहन केलंच.

---

मागावरचा
१९ जानेवारी, सकाळी ८:१५

तुम्ही सहन केलं याचं मला खरंच वाईट वाटतं. तुमच्या भागाबद्दल बोलले तेही चुकीचंच होतं. त्याचीही तक्रार करू, दोन्ही मिळून करू. मी काही एका बाजूसाठी लिहिलेलं नाही.

---

वकील_मुरारजी_पेठ
१९ जानेवारी, दुपारी १:४५

कोर्टाच्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे.

'स्पष्ट_बोलतो' यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. अभिराम सिंह खटला उमेदवार आणि त्याच्या प्रचाराबद्दल होता. मागणारा दोषी. ज्याच्याकडे मत मागितलं त्या मतदाराला दोषी ठरवणारं त्यात काही नाही. टीव्हीवर नेमकी उलटी गंमत होते, मागणारे पाहुणे म्हणून सन्मानानं बसतात आणि मत देणाऱ्या गल्ल्या आरोपीच्या पिंजऱ्यात.

विश्लेषण कुठं संपतं आणि चिथावणी कुठं सुरू होते, याला न्यायालयानं माप दिलंय. मार्च २०१५ च्या श्रेया सिंघल निकालात तीन पायऱ्या आहेत: चर्चा, एखाद्या मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी बोलायचा हक्क आहे. "या भागात अमुक पक्षाला जास्त मतं पडली, कारण तिथं त्यांच्या नगरसेविकेचं काम होतं" हे विश्लेषण. "या भागातली माणसं शहराची शत्रू आहेत, सावध राहा" यात मतांचा हिशेब राहिलेला नाही.

कलम सांगते. भारतीय न्याय संहितेचं १९६, म्हणजे जुन्या दंडसंहितेचं १५३अ. धर्म, वंश, जन्मस्थान, निवास, भाषा, जात यांवरून गटागटांत वैर वाढवणं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. यात 'निवास' आणि 'भाषा' हे दोन शब्द आहेत हे लोकांना माहीत नसतं, आणि तुमच्या क्लिपमध्ये दोन्ही आले आहेत. २८ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना सांगितलंय की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता, बोलणाऱ्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा.

पण लगेच पोलीस ठाण्यात धावू नका असं माझं मत आहे. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या खटल्यात त्याच न्यायालयानं म्हटलंय की बोलण्या-लिहिण्यावरच्या अशा गुन्ह्यांत आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, त्याला १४ दिवस असतात. आणि शब्द तोलायचे ते खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेनं, चटकन घाबरणाऱ्याच्या नव्हे. मला हे पटतं. उद्या याच कलमानं एखाद्या कवीला, एखाद्या प्रामाणिक पत्रकाराला कुणी उचललेलं आपल्याला चालणार नाही.

आधी वाहिनीकडे तक्रार करा. वृत्तवाहिन्यांची स्वतःची संस्था आहे, न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटी. तिच्या नियमांनुसार प्रसारणापासून सात दिवसांत आधी वाहिनीला लेखी कळवायचं असतं. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर संस्थेकडे जायचं. वाहिनी तिची सदस्य नसेल तरी २०२१ च्या केबल नियमांनुसार प्रत्येक वाहिनीला तक्रार घ्यावीच लागते आणि १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रेस कौन्सिलकडे जाऊ नका, तिचं क्षेत्र छापील वर्तमानपत्रं. यूट्यूबवर तीच चर्चा चढवली असेल तर तिथल्या तक्रार अधिकाऱ्याला वेगळं कळवा, त्यानं २४ तासांत पोच द्यायची असते.

दंडाचं विचाराल तर जास्त आशा धरू नका. एक लाखाचा दंड अपुरा पडतो असं सर्वोच्च न्यायालयानंच ऑगस्ट २०२३ मध्ये बोलून दाखवलं होतं. पण वाहिनीला ती चर्चा संकेतस्थळावरून काढायला लावणं आणि पडद्यावर खेद व्यक्त करायला लावणं, हे या मार्गानं आधी घडलेलं आहे.

प्रसारण १६ तारखेचं. सात दिवस म्हणजे २३ तारीख. आज १९.

---

निवृत्त_उपसंपादक
१९ जानेवारी, रात्री ८:५०

इतकी वर्षं बातमीच्या टेबलावर काढली, म्हणून आतली बाजू सांगतो.

मोजणीच्या दिवशी इथला वार्ताहर केंद्राबाहेर उन्हात उभा असतो. तो आकडे पाठवतो, फेरीनिहाय, बहुतेक वेळा बरोबर. त्या पोराला इथल्या गल्ल्या माहीत असतात. त्याला विचारलं तर तो सांगेल की अमुक भागात पाण्याचा राग होता, तमुक ठिकाणी उमेदवार बदलल्यामुळे मतं फुटली. त्याला कुणी विचारत नाही. आकडे वर गेले की स्टुडिओत ज्यानं सोलापूरचं स्टेशनही पाहिलेलं नाही तो त्यांचा अर्थ लावतो. पाहुण्यांना दुपारी फोन जातो. जो शांतपणे "इतक्यात सांगता येणार नाही" म्हणेल त्याला पुढच्या वेळी फोन जात नाही. जो जोरात बोलेल तो रोज बसतो. मी हे जवळून पाहिलंय आणि त्याची मला फार वेदना आहे.

आमच्या वेळी दंगलीच्या बातमीत समाजाचं नाव छापायचं नाही हा दंडक होता. "दोन गटांत" एवढंच लिहायचं. वाचकाला कळायचंच, तरी छापायचं नाही. छापील अक्षर हे पुरावा म्हणून, आरोप म्हणून, वर्षानुवर्षं घरात राहतं. नव्या उपसंपादकानं एकदा वस्तीचं नाव मथळ्यात घेतलं, तर संपादकांनी रात्री साडेबाराला छपाई थांबवून मथळा बदलायला लावला होता. कागद वाया गेला, गाड्या उशिरा सुटल्या.

आणखी एक. १२ जानेवारीला आपण चार हुतात्मा चौकात हार घातले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी झाली. त्यातले कुर्बान हुसेन हे 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. म्हणजे या शहरासाठी फासावर गेलेल्या चौघांत एक पत्रकार होता. मतदानाच्या तीन दिवस आधी त्यांच्या पुतळ्याला हार घातला, आणि मतमोजणीच्या रात्री पत्रकार म्हणवणारा एक माणूस याच शहराच्या वस्त्या एकमेकींविरुद्ध उभ्या करतो. मला त्या रात्री झोप आली नाही.

---

शाळेतल्या_बाई
१९ जानेवारी, रात्री ९:३०

मी महापालिकेच्या शाळेत शिकवते. मतदानाला ड्यूटी होती. आज चौथीच्या वर्गात एका मुलानं दुसऱ्याला विचारलं, "तुमची गल्ली टीव्हीवर आली ना? तुम्ही कुणाला मत दिलं?" नऊ वर्षांचं पोर. दुसऱ्यानं दप्तर उचललं आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. धाग्यातल्या चाचींचं वाचून अंगावर काटा आला.

तक्रारीवर माझी सही घ्या.

---

बाळीवेसचा_बाळ्या
१९ जानेवारी, रात्री १०:१५

खरं सांगतो, ती क्लिप मी बी फॉरवर्ड केली होती. तीन ग्रुपला. मित्रानं टाकली, मी पुढं ढकलली, पूर्ण ऐकली बी नव्हती. हे वाचल्यावर डिलीट केली, पण पुढं गेली ती गेलीच की ओ. तिन्ही ग्रुपला लिहिलंय की ते चुकीचं होतं, मी टाकायला नको होती. दोघंजण चिडले, एकानं ग्रुप सोडला. सोडू दे. आमच्या आईनं विड्या वळून मला मोठं केलं, तिच्यासंगं बसणाऱ्या बायका सगळ्या भाषेच्या होत्या. मला आधी कळायला पाहिजे होतं.

---

स्पष्ट_बोलतो
२० जानेवारी, सकाळी ७:१०

वकीलबाईंचं वाचलं. मागणारा आणि देणारा यातला फरक मी केला नव्हता. एकगठ्ठा मतदानावर माझं मत बदललेलं नाही, त्यावर बोलायचं मी सोडणार नाही. पण आमच्या भागाला कट्टर म्हणाले तेव्हा माझ्या मुलीनं "पप्पा, आपण वाईट आहोत का" असं विचारलं होतं, ते मी काल इथं लिहिलं नाही. तक्रारीत दोन्ही वाहिन्या घेणार असाल तर माझं नाव घाला.

---

मागावरचा
२० जानेवारी, रात्री ९:००

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून मसुदा केला, वकीलताईंनी तपासला. पक्षाचं नाव कुठंही नाही. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, कोण काय म्हणालं ते शब्दशः, आणि ते कुठल्या वस्तीबद्दल होतं. मागणी दोनच: चर्चा काढा आणि त्याच वेळेला, त्याच कार्यक्रमात खेद व्यक्त करा. दुसऱ्या वाहिनीचा अर्ज वेगळा केलाय.

आज दुपारी कारखान्यात दोघींना मसुदा वाचून दाखवला. अक्काला मराठी वाचता येत नाही, ऐकून नीट कळतं. "पैशाला मत" हा भाग आल्यावर तिनं परत वाचायला लावला, मग म्हणाली, "लिवा, असंच लिवा." दोघींनी सही केली, चाचीनं उर्दूत, अक्कानं तेलुगूत. चाचीचं यंत्र अजून दाराजवळच आहे. मी हलवा म्हटलं नाही.

एक अडचण आहे. माझ्याकडे ती चाळीस सेकंदांचीच क्लिप आहे. वकीलताई म्हणतात, मागचा-पुढचा भाग नसेल तर वाहिनी संदर्भ तोडला म्हणून हात झटकेल. त्यांनी यूट्यूबवरून तो तास काढून टाकलाय. १६ तारखेची रात्रीची पूर्ण चर्चा कुणी सेट-टॉप बॉक्सवर रेकॉर्ड केली आहे का? २३ च्या आत हवी.

---

सातरस्ता
२० जानेवारी, रात्री ९:२५

माझ्याकडे आहे. त्या दिवशी वडील बाहेर होते, मोजणी बघायला मिळणार नाही म्हणून त्यांनी संध्याकाळी सहापासून सगळं रेकॉर्डला लावून ठेवलं होतं. आत्ता लावून पाहिलं. चर्चा ९ वाजून १२ मिनिटांनी सुरू होते. बॉक्स घेऊन उद्या सकाळी कारखान्यावर येतो, पत्ता मेसेज करा.